नको कोण, हवं काय

त्या हिवाळ्यातही डोंगरावर बर्फ धरलं नाही. जानेवारीत दोनदा भुरभुरलं आणि मार्चच्या वाऱ्यानं तेही पुसून नेलं. एप्रिलात पीचला फुलं आली, तेव्हा शिडीवर चढून विरळणी करणाऱ्या मोरेश्वरनं मान वळवून वर बघितलं. माथा उघडा, तपकिरी, करपलेल्या भाकरीसारखा.

"यंदा कालवा ऑगस्ट बघत नाही," तो म्हणाला.

खाली फांदी वाकवून धरलेल्या अहिल्येनं वर पाहिलंसुद्धा नाही. "बघेल. वाटून घेतलं तर बघेल."

कोलोरॅडोच्या पश्चिम अंगाला, दोन बोडक्या डोंगरांच्या मधल्या या खोऱ्यात त्यांची अठरा एकर पीचची बाग होती. नऊ वर्षांपूर्वी मोरेश्वरनं ट्रॉय शहरातल्या मोटारीच्या कंपनीतली नोकरी सोडली, घर विकलं आणि दोघं इथं आली. ओळखीचे लोक म्हणाले, या वयात हे काय खूळ. मोरेश्वरला पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं. अहिल्येला नाही. ती साक्री तालुक्यातली. पांझरा नदीच्या काठच्या फडात तिच्या वडिलांची शेती होती, आणि नदीचं पाणी गावानं पाळीनं वाटून घ्यायचं हे ती चालायला शिकली तेव्हापासून बघत होती. इथल्या कालव्यावर तसं काही नव्हतं. ज्याचं गेट कालव्याच्या माथ्याला, तो आधी पोटभर घेई. डेल बर्जेसची लसूणघासाची दोनशे एकर माथ्यालाच होती. शेपटाकडच्यांना चांगल्या साली उरलंसुरलं मिळे आणि वाईट साली गाळ.

शेजाऱ्यांनी अहिल्येला कालव्याचा कारभार बघणाऱ्या पाणी डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर निवडून दिलं ते यासाठीच. पाच जणांच्या बोर्डात तिनं दोघांना पटवलं आणि गेल्या साली, दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात, पाणीपाळी लावून घेतली. चार दिवस माथा, चार दिवस मधला, चार दिवस शेपूट. ज्याची पाळी संपली त्यानं गेट पाडून पाणी बंद करायचं; नाही पाडलं तर कुलूप आणि पुढची पाळी बंद. पाळी सुरू झाली आणि किती वर्षांत पहिल्यांदा कालव्याच्या शेवटच्या शेतात ऑगस्टात पाणी उभं राहिलं.

त्याच ऑगस्टात वॉल्टच्या गेटाचं झालं.

वॉल्ट ऐंशी ओलांडलेला. रस्त्याच्या कडेला त्याची थोडी भाजी आणि जुनी जर्दाळूची झाडं. त्याची पाळी संपून दोन दिवस झाले तरी त्याचं गेट उघडं होतं आणि पाणी शेत भरून डांबरी रस्त्यावरून वाहत होतं. अहिल्येनं ट्रक थांबवला, बूट न काढता पाण्यात उतरली, चाक फिरवून गेट पाडलं, साखळी घातली, कुलूप लावलं. मग पीचच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यावर लाल अक्षरात लिहिलं, 'पाणी वाया घालवलं. एक पाळी बंद.' आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा गेटाला टांगला.

संध्याकाळी कळलं की वॉल्टची बायको शहरातल्या हॉस्पिटलात होती आणि तो तिच्या उशाशी बसून होता. अहिल्येनं जाऊन पुठ्ठा काढला. कुलूप ठेवलं.

"अगं, काढ ना तेही," मोरेश्वर म्हणाला.

"त्याला काढलं तर उद्या डेललाही काढावं लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

वॉल्टच्या शेंगा वाळल्या. टोमॅटो वेलावरच चामड्यासारखे झाले. त्याची बायको पुढच्या महिन्यात गेली. आणि पानगळ सुरू व्हायच्या आत अहिल्येला बोर्डावरून काढण्याच्या अर्जावर सह्या फिरू लागल्या.

सह्या पुरल्या. हिवाळाभर कागद इकडून तिकडे गेले आणि मतदान आलं ते नेमकं जुलैत, तोडणीच्या तोंडावर. मतपत्रिका टपालानं घरोघर गेल्या. मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. पहिला, अहिल्या देवरे यांना पदावरून काढावं का? दुसरा, काढलं तर त्यांच्या जागी कोण? दुसऱ्या प्रश्नाखाली दोन नावं होती. एक डेल बर्जेस. त्यानं घरोघर पाठवलेल्या कार्डावर एकच ओळ होती, 'पाणीपाळी रद्द.' दुसरं नाव कॉनी श्रेडर. कॉनीचं शेत कालव्याच्या अगदी शेवटी, अहिल्येच्या बांधाला बांध. "तू पडलीस तर ती खुर्ची डेलला मिळायला नको, म्हणून उभी राहते," असं तिनं अहिल्येच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. तिच्या कार्डावर दोन ओळी होत्या, 'पाणीपाळी राहील. कुलपं जातील.'

दुसरी ओळ अहिल्येला टोचली होती. पण निवडणुकीत माणूस काहीबाही लिहितं, असं म्हणून तिनं ती सोडून दिली.

निकाल लागला त्या दिवशी दोघं उजाडल्यापासून बागेत होती. पश्चिमेकडे कुठंतरी जंगल पेटलं होतं आणि सूर्य धुरात तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. छातीवर बांधलेली तोडणीची पिशवी भरली की मानेचा मणका खाली ओढला जाई. पीचची लव घामात भिजून कोपराच्या खाचेत, मानेच्या वळीत शिरली होती आणि खाजवलं की आग होत होती. मोरेश्वरच्या उजव्या गुडघ्याला शिडीची पायरी सोसत नव्हती, म्हणून वरची फळं अहिल्या काढत होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती तिपाई शिडीवर पोरीसारखी चढे.

उन्हं कलल्यावर शेडमध्ये खोकी लावताना मोरेश्वरचा फोन वाजला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, परत वाचलं.

"काढा, दोनशे एकतीस," तो म्हणाला. "राहू द्या, एकशे अठ्ठ्याऐंशी."

अहिल्येनं हातातलं फळ खोक्यात देठ खाली करून नीट बसवलं. "आणि दुसरा प्रश्न?"

"कॉनी. डेल नाही आला."

"बरं झालं," ती म्हणाली. पाणी प्यायला गेली, नळ सोडला आणि न पिताच बंद करून परत आली.

फ्रिस्कोहून मुलाचा, ईशानचा, फोन आला. त्यानं तो निकाल वेबसाइटवर आधीच बघितला होता.

"आई, सिंपल आहे गं. ब्राउन बाई येऊन आम्हाला सांगते कधी पाणी घ्यायचं, हे त्यांना झेपलं नाही. दॅट्स इट. तुम्ही दोघं इकडे या ना यार. काय मिळतं तुम्हाला तिथे?"

"तसले असतील काही," अहिल्या म्हणाली. "पण मी निवडून आले तेव्हा काय गोरी होते?"

"मग काय, पाणीपाळी नको होती त्यांना."

"तेही नाही वाटत."

"मग काय?"

"बघते," अहिल्या म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं नाही. शेपटाच्या पाळीचा तो पहिला दिवस. उशिराच्या जातीच्या तोडणीआधीचं हे शेवटचं पाणी, याच पाण्यावर ती फळं भरायची होती. अहिल्या फावडं खांद्यावर टाकून कालव्याच्या कडेकडेनं वर निघाली. तळाचा गाळ आत्ताच भेगाळू लागला होता आणि एका डबक्यात बोटाएवढे झिंगे एकमेकांवर चढून तडफडत होते. दीड मैल वर गेल्यावर कालव्याची राखण करणारा पाटकरी भेटला. पिकअपच्या दारात उभा राहून तो टोपी उगाच काढघाल करत होता.

"डेलनं गेट पूर्ण वर उचललंय," तो म्हणाला. "म्हणतो, लोकांनी पाळी रद्द केली. मी काय करू? मला तर काही कळत नाही."

"लाइल काय म्हणतो?"

लाइल म्हणजे बोर्डाचा अध्यक्ष. गावात त्याचं टायरचं दुकान. पाळीच्या बाजूनं पडलेल्या तीन मतांत एक त्याचं होतं.

"लाइल म्हणतो, लोकांनी कौल दिलाय तर आपण कोण आडवे येणार. परवा सकाळी बैठक बोलावलीय. तो मत फिरवणार असं दिसतंय."

अहिल्या मागे वळली. उतरताना तिला कॉनी दिसली. गुडघ्यापर्यंत बूट घालून ती कोरड्या चारीत उभी होती आणि पाणी येईल तेव्हा अडायला नको म्हणून तळाचं गवत फावड्यानं तासत होती. पासष्टीची, रुंद खांद्यांची बाई. अहिल्या चारीच्या काठावर बसली.

"कॉनी, रात्रभर मी तो निकाल डोक्यात घोळवतेय. मला राहू द्या म्हणणारे एकशे अठ्ठ्याऐंशी. तुला मतं पडली दोनशे बासष्ट. माझ्या एकूण एक माणसानं तुला मत दिलं असं धरलं, तरी चौऱ्याहत्तर उरतात. त्या चौऱ्याहत्तर जणांनी मला काढा म्हटलं आणि तुला आणा म्हटलं. तुझ्या कार्डावर तर पाळी राहील असं लिहिलेलं. मग ही माणसं कोण?"

कॉनीनं फावडं गवताच्या मुळात मारलं. ते तिथंच ठेवलं.

"मी एक आहे," ती म्हणाली.

चारीत माश्या घोंघावत होत्या.

"अर्जावरही माझी सही आहे. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

"तुझ्या शेतात पाणी कुणामुळे आलं?"

"तुझ्यामुळे. ते कोण नाही म्हणतंय? मला तुझं पाणी हवं होतं, अहिल्या. तुझं कुलूप नको होतं. वॉल्टची बायको मरायला टेकली होती आणि तू त्याच्या दाराशी पाटी टांगलीस. चर्चला जाणारी प्रत्येक गाडी ती वाचत गेली."

"पाटी मी काढली."

"एकदा वाचलेली पाटी कशी काढणार?"

अहिल्या उठली. फावडं उचललं. तिला वाटलं होतं आपण काहीतरी बोलू, जिभेवर शब्द आलेही होते, तिखट, मराठीतले. ते तिनं गिळले. बांध ओलांडून स्वतःच्या बागेत आली आणि झाडाखाली उभ्या असलेल्या मोरेश्वरला म्हणाली, "पाळी पडलेली नाही. मी पडलेय."

"म्हणजे?"

"लोकांनी स्पष्ट लिहून दिलंय. दोन प्रश्न, दोन उत्तरं. मी नको, पाळी हवी."

मोरेश्वर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला रागावलेली पाहिली होती, रडतानाही एकदोनदा. हा चेहरा नवा होता. "हे तू बैठकीत सांगणार?"

"मी नाही तर कोण सांगणार? दुसरं कुणी बोललं तर म्हणतील अहिल्येची बाजू घेतंय."

"अगं, सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं?"

"पीचला पाणी तोंड बघून देत नाहीत. चला, ती वरची रांग राहिलीय."

बैठक अग्निशमन दलाच्या शेडमध्ये. बंब बाहेर उन्हात काढून ठेवले होते आणि आत लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. अहिल्या आत आली तेव्हा पुढच्या लांब टेबलावर चारच नावांच्या पाट्या होत्या. तिची कुणीतरी आधीच उचलली होती. कायद्यानं अजून चार दिवस ती बोर्डावर होती. लाइलच्या ते लक्षात आलं, त्यानं खुर्चीतून अर्धवट उठून खाकरल्यासारखं केलं.

"असू दे," अहिल्या म्हणाली. "मी मत देणार नाही. बोलणार आहे फक्त." आणि लोकांमध्ये तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या बाईनं आपली पर्स मांडीवर ओढून घेतली.

डेल बोलला. उंच, उन्हानं भाजलेला, आवाज मऊ. "अहिल्या, आधी तुम्हाला सांगतो, तुमच्यावर कुणाचा राग नाही. तुम्ही कष्टाळू बाई. लोकांनी नाकारली ती पाणीपाळी. तुमच्याशी त्याचा संबंध नाही. या खोऱ्यात आम्ही चार पिढ्या कुणाला विचारून पाणी घेतलेलं नाही, आणि लोकांनी तेच पुन्हा सांगितलंय. बोर्डानं त्याचा मान ठेवावा."

पुष्कळ माना हलल्या. लाइल कागदावर पेन आपटत होता. त्याला हे सोपं पडलं होतं, हे दिसत होतं. कुणालाही न दुखवता सुटायची वाट.

अहिल्या उभी राहिली. खुर्चीची पाठ तिनं हातानं धरली होती.

"डेल, तुम्ही माझी बाजू सांभाळून बोललात. पण ते खरं नाही," ती म्हणाली. "लोकांचा राग माझ्यावरच आहे."

खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

"पाळी रद्द करा म्हणणारे तुम्ही एकटे उभे होतात. तुम्हाला एकशे सत्तावीस मतं. पाळी ठेवा म्हणणाऱ्या कॉनीला दोनशे बासष्ट. मला ज्यांनी काढलं त्यांतल्या निदान चौऱ्याहत्तर जणांनी तिला निवडलं. त्यांना पाळी नको असती तर तुमचं नाव काय लांब होतं? वरच्याच ओळीत होतं."

"लोकांना कॉनी आवडते म्हणून दिली मतं," डेल म्हणाला. "तिच्या पोरांना सगळ्यांनी फुटबॉल खेळताना पाहिलंय. त्यात पाळी कुठं आली?"

मागून कुणीतरी हसलं. प्रश्न रास्त होता. अहिल्येला तो ठाऊक होता, आणि त्याचं उत्तर आकड्यांत नव्हतं हेही ठाऊक होतं.

"मग विचारा," ती म्हणाली. "इथंच आहेत की सगळे. लाइल, तू विचार. ज्यांना अहिल्या नको, पण पाणीपाळी हवी, त्यांनी हात वर करा."

लाइलचा चेहरा पडला. "अहिल्या, असं कसं विचारू मी? तुझ्यासमोर?"

"मी वळून उभी राहू का?"

ती वळली नाही. लाइलनं घसा साफ केला आणि छताकडे बघत प्रश्न विचारला, तिच्याच शब्दांत.

थोडा वेळ एकही हात नाही. मग कॉनीचा आला, तासून सोललेल्या बोटांचा. मग शाळेच्या बसवर ड्रायव्हर असलेल्या माणसाचा, त्याच्या बायकोचे तर दोन्ही. पर्सवाल्या बाईचा. दिवाळीला अहिल्येच्या घरी येऊन करंज्या खाऊन गेलेल्या नवराबायकोचे, दोघांचे, एकमेकांकडे न बघता. हात वर होत गेले. अहिल्या एकेकाकडे नीट बघत होती. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण मान खाली गेली नाही. कुणाचा हात अर्ध्यावर थांबला तर ती त्याच्याकडे मान हलवून 'कर, कर' म्हणत होती.

डेलनं खोलीभर नजर फिरवली. त्यानं टोपी मांडीवर ठेवली.

"खाली करा," लाइल म्हणाला. मग त्यानं पेन टोपणात घातलं. "मी माझं मत फिरवत नाही. पाणीपाळी राहील. डेल, जेवायच्या आत गेट पाड."

ट्रकमध्ये मोरेश्वरनं किल्ली फिरवली, पण गाडी काढली नाही.

"वाईट वाटलं?"

"वाटेल नाही तर काय," अहिल्या म्हणाली. "ती बसवाली बाई, म्हणजे बसवाल्याची बायको, तिच्या पोरीच्या लग्नाला मी चार खोकी पीच दिले होते. तिनं दोन्ही हात वर केले." मग ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "चला आता. चारी बघायला हवी, पाणी चार वाजेपर्यंत पोचेल."

पाणी साडेचारला पोचलं. आधी फेस आला, त्यावर काटक्या आणि वाळकी पानं, मग गढूळ जीभ सरीसरीतून पुढे सरकत आली. अहिल्या अनवाणी दारं धरत होती. एक सरी भरली की फावड्यानं माती ओढायची, दुसरी फोडायची. बांधापलीकडे कॉनी तेच करत होती. दिवस मावळताना कॉनीनं बांधावर एक थंड पाण्याची बाटली ठेवली. अहिल्येनं ती उघडून अर्धी प्यायली आणि अर्धी ठेवली.

चार दिवसांनी कॉनीनं शपथ घेतली. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या साखळ्या काढवल्या आणि पाटकऱ्याला सांगितलं, गेट पाडायच्या आधी त्या घरी फोन करायचा. फोन नाही उचलला तर दार वाजवायचं. "बघू किती दिवस चालतं," अहिल्या म्हणाली. चाललं.

एक काम राहिलं होतं. ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तोडणी आटोपल्यावर एका दुपारी अहिल्या वॉल्टकडे गेली. तो जर्दाळूच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. पायांशी शेंगांचे नवे वेल, पाण्यावाचून जरा माना टाकलेले.

"वॉल्ट," ती म्हणाली, "गेल्या साली मी तुमच्या दाराशी यायला हवं होतं. गेटाशी नाही."

"मोठ्यानं बोल."

तिनं ते परत, मोठ्यानं सांगितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यानं वळून पाहिलं.

वॉल्टनं गवताची काडी चघळली. "हो. दार वाजवायला हवं होतंस," तो म्हणाला. "पण मी घरी नव्हतोच."

अहिल्येनं वाकून एका वेलाभोवतीचं तण उपटलं.

"माझ्यामुळे तुला काढलं म्हणतात सगळे. माझी मुलगी सह्या घेत हिंडली. मला कुणी विचारलं नाही." त्यानं काडी थुंकली. "मी तुला ठेवा म्हणून मत दिलं."

"मला? का?"

"गेट उघडं होतं ना. पाणी वाया जात होतं. दिसत होतं की."

अहिल्या त्याच्या समोरच्या उलट्या बादलीवर बसली. गेले कित्येक आठवडे तिनं तो निकाल ओळ न् ओळ वाचला होता, भरल्या सभेत वाचून दाखवला होता. आणि ज्या एका माणसाचं मत आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं ती धरून चालली होती, ते नेमकं उलटं होतं.

"आणि दुसऱ्या प्रश्नाला?" तिनं विचारलं.

"कोरा सोडला. डेलची गुरं माझ्या शेंगा खातात. आणि कॉनी फार बोलते." तो वाकून वेलाची एक मान बोटानं उचलून बघू लागला. "आज माझी पाळी ना? ते चाक आता मला फिरत नाही. तू आलीच आहेस तर उघडून जा."

अहिल्येनं घड्याळ पाहिलं.

"अजून अर्धा तास आहे," ती म्हणाली.

वॉल्टनं तिच्याकडे पाहिलं, मग कालव्याकडे. त्यानं पाय पसरले, टोपी डोळ्यांवर ओढली. अहिल्येनं बादली सावलीत आत सरकवली आणि दोघं पाळीची वाट बघत बसून राहिली.